मधली दांडी

काम्पेन, रविवार, २३ मार्च १९८६

प्रिय रूलीन,

तुझी सायकल तयार झाली. काल दुपारी चेन चढवली, चाकांत हवा भरली आणि दुकानापासून बाजारापर्यंत दोन फेऱ्या मारून आलो. मी स्वतः. लेडीज सायकलवर, शनिवारचा बाजार ऐन भरात असताना. हेरिंग मासे विकणारा तो लालबुंद माणूस गाडीवरून ओरडला, "काय योरिसराव, झगा धुवायला टाकला का आज?" सहा महिन्यांपूर्वी मी त्याची पिंपं उचलून आयसेल नदीत ओतली असती. काल नुसती घंटी वाजवली आणि पुढे गेलो. घंटीचा आवाज चांगला आहे, जरा खोल आहे, तीन दुकानं हिंडून आणलीय. हे सगळं मी शाबासकीसाठी लिहीत नाही. शाबासकी द्यायला तू माझ्याशी बोलतेस तरी कुठे. आणि आज रविवार, देवाचा दिवस, आहे हेही मला माहीत आहे. तुमच्याकडे आज कुणी सुईत दोरासुद्धा ओवत नाही आणि मी सकाळपासून कागद फाडत बसलोय. पत्र लिहिणं हे काम आहे की नाही ते तुझ्या बाबांनी ठरवावं. बाकीचं सगळं तेच ठरवतात.

गुरुवारी तू सायकल न्यायला येणार आणि मी तेव्हा दुकानात असता कामा नये, अशी तुझी अट आहे म्हणे. आलीदाबाईंनी ती मला कोर्टाचा निकाल वाचावा तशी ऐकवली. "दहा ते बारा तू मला इथे दिसायचा नाहीस." मी म्हटलं, "फ्रेम मी निवडली, चाकं मी बांधली, आणि सीटची उंची दुसऱ्याने लावायची?" "मी लावीन. तू दुपट्यात होतास तेव्हापासून लावतेय." मग निदान तळघरात बसतो, वर येणार नाही, म्हटलं. "तळघरात नाही, माळ्यावर नाही, समोरच्या बेकरीत काचेला नाक लावूनही नाही. मासे पकडायला जा, झ्वोलला जा, वाटल्यास लग्न करून ये. पण इथे नको." नवरा गेल्यापासून बावीस वर्षं ही बाई एकटीने दुकान चालवतेय. तिच्याशी भांडणं म्हणजे ऐरणीशी भांडणं. तरी मी पाऊण तास भांडलो, तुला माहीत आहे मी कसा आहे ते. मी चिडलोय, रूलीन. सप्टेंबरपासून तुला सहा पत्रं पाठवली, सहाही न फोडता परत आली, पाकिटावर तुझ्या अक्षरात माझा पत्ता. आणि ते अक्षर पाहूनही माझी छाती धडधडायची, इतका मी कामातून गेलोय. सहावं परत आलं तेव्हा पाकीट उशाखाली ठेवून झोपलो. आत माझंच पत्र होतं, मूर्खासारखं.

सायकल सांगायला तुझी आई आली होती ते तुला ठाऊकच आहे. पण ती दुकानात काय काय बोलली ते कदाचित तिने तुला सांगितलं नसेल. फेब्रुवारीतली गोष्ट, कालवे अजून गोठलेले होते, गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे आईला बोलायला वेळ होता. झ्वोलच्या शिक्षिकांच्या कॉलेजात तुला जागा मिळाल्याचं मला तिच्याकडून कळलं. एक एप्रिलपर्यंत फॉर्मवर बाबांची सही हवी, तुला एकवीस पुरी व्हायला अजून दोन वर्षं आहेत, आणि बाबा सही करत नाहीत, हेही तिच्याकडूनच. फॉर्म म्हणे तुमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर पडून आहे आणि दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसली जाते. आलीदाबाईंनी विचारलं, "मग सायकल कशाला सांगतेस, बाई?" तुझी आई हातमोजे काढत म्हणाली, "स्टेशन पुलाच्या पलीकडे आहे. पोरीला रोज तिथवर चालत जाता येणार नाही." सही नाही, पण सायकल आहे. तुझी आई अशी भांडते. मला हे आधी कुणी शिकवलं असतं तर मी आज कॉलेजात असतो.

कॉलेजाबद्दल तुला अर्धंच माहीत आहे, कारण उरलेलं अर्धं मी त्या दिवशी सांगत होतो आणि ते पुरं झालं नाही. आम्हाला निबंध होता, रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या आणि तिची रचना अशी का ते शोधा. बाकीच्यांनी सांडशी घेतली, नळ घेतला. मी सायकल घेतली. जेन्ट्स आणि लेडीज फ्रेम वेगळ्या का. तीस पानं लिहिली, रूलीन, आकृत्यांसकट. जेन्ट्स सायकलची मधली दांडी म्हणजे त्रिकोणाची वरची बाजू. त्रिकोण वाकत नाही, म्हणून पातळ नळ्यांवर काम भागतं. लेडीज सायकलीत ही दांडी काढून टाकली, कारण स्कर्ट अडकतो. दांडी गेली की त्रिकोण गेला, मग जोर भरून काढायला नळ्या जाड करा, म्हणजे वजन वाढलं, आणि एवढं करून उतारावर हँडल थरथरतं ते थरथरतंच. म्हणजे कापड सरळ लोंबावं म्हणून बाईने जन्मभर जास्तीचं लोखंड पायाने ओढायचं. हा अन्याय आहे, लेडीज फ्रेम बंद करा, सगळ्या बायकांना दांडीची सायकल द्या, असा माझा निष्कर्ष होता. तुझ्यासाठीच लिहिलं होतं ते, दर पानावर तू दिसायचीस, तुझा निळा स्कर्ट आणि तो अडकू नये म्हणून मागच्या चाकाला बांधलेली जाळी. सरांनी तिसाव्या पानाखाली लाल शाईने एकच ओळ लिहिली होती. "हे त्या स्कर्ट घालणारीला विचारलंत का?" एवढंच. ना चुका दाखवल्या, ना मुद्दा खोडला. मी त्यांच्या खोलीत जाऊन टेबलावर हात आपटला, म्हटलं, इंजिनिअरिंगमध्ये विचारायचं काय असतं, मोजायचं असतं. ते म्हणाले, "बसा, चहा घेता का?" त्या चहाने माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी खोली रिकामी केली आणि गाडीत बसलो. बसलो म्हणजे कॉलेज सोडलंच.

आलीदाबाईंना मी हा निबंध वाचून दाखवला, त्यांच्याकडे कामाला लागलो त्या पहिल्याच आठवड्यात, छाप पाडायला. त्या मागचं टायर उतरवत होत्या. चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला. "झगा अडकायचा म्हणून दांडी काढली. बरोबर?" म्हटलं, हो. "हे एका पानात झालं. मग उरलेली एकोणतीस पानं कशावर लिहिलीस?" नंतर पुढचा तासभर त्याच बोलत होत्या. दक्षिणेकडच्या कॅथलिक पाद्र्यांचे झगे बायकांहून लांब असायचे, त्यांनाही दांडी नको असायची, पण लेडीज सायकलवर बसणार कसे. मग कारखानदारांनी तसलीच वाकवलेली फ्रेम केली, जरा जाडजूड, आणि तिला पाद्र्याची सायकल म्हटलं. सगळे खूश. "नळी तीच," बाई म्हणाल्या, "नाव बदललं की पुरुष बसतो." आणि मग त्या बेरेंड आजोबांची गोष्ट, तुमच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात ते. ते नोव्हेंबरात आले, कंबर धरलेली, दांडीवरून पाय नेताना दोनदा पडलेले. म्हणाले, "एक लेडीज सायकल हवी. बायकोसाठी." त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली, आलीदाबाई स्वतः तिच्या दफनाला गेल्या होत्या. बाईंनी डोळ्याची पापणी हलवली नाही. पावतीवर लिहिलं, सौ. बेरेंड, आणि विचारलं, "त्यांना सीट रुंद लागेल का?" आजोबा म्हणाले, "रुंदच द्या, तिचं हल्ली बूड दुखतं." मी मागे वळून पान्ह्यांची पेटी आवरू लागलो, नाहीतर हसलो असतो. आता ते रोज त्या सायकलवरून थडग्यावर फुलं घेऊन जातात. कुणी विचारलं तर सांगतात, "बायकोची आहे. चालवून ठेवतोय, गंजू नये म्हणून."

तेव्हा हसू आलं. आता येत नाही, कारण जानेवारीत बाईंनी दुसरंच काहीतरी सांगितलं आणि माझ्या हातातला पान्हा तिथेच थांबला. एक बाप आला होता, सरळ जेन्ट्स सायकल विकून लेडीज घ्यायला. मला वाटलं, कंबर. बाई म्हणाल्या, "कंबर नाही रे. त्याला पोर झालंय. मागे पोराची खुर्ची लावली की टांग मारायची सोय नाही, पोराच्या डोक्यात लाथ बसेल. दांडीवाल्याच्या मागे कुणी आधी बसूच शकत नाही. तो चढतो, सायकल सुटते, मग मागच्याने धावत यायचं आणि उडी मारायची. ज्याला उडी मारता येत नाही त्याला दांडी नको. आधी मागचं माणूस बसतं, स्थिर होतं, मग पुढचा खालच्या नळीवरून पाय घालतो. झग्याचं काय घेऊन बसलास, झगे गेले कधीच. ही फ्रेम मागे बसणाऱ्याची आहे." माझ्या तीस पानांत मागे बसणारं माणूस नव्हतं, रूलीन. मी कॅरिअरचं वजन धरलं होतं. नऊशे ग्रॅम.

त्या शनिवारबद्दल तुला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे, कारण मी ते सगळीकडे वेगळंच सांगत आलोय. झ्वोलच्या फलाटावर तू भेटलीस, बाबांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून आणलेलं, फडक्यात गुंडाळून तान्ह्या मुलासारखं कवेत धरलेलं. मी तिथूनच सुरू झालो, सर, चहा, लाल शाई. काम्पेनच्या स्टेशनवर उतरेपर्यंत मी तुझं एक वाक्य ऐकलं नव्हतं. बाहेर स्टँडवर दोघांच्या सायकली होत्या. हात मोकळे नव्हते म्हणून तुला चालवता येणार नव्हती, डबलसीट जायचं, एक सायकल तिथेच ठेवायची. तू म्हणालीस, "माझी घेऊ या ना. मी घड्याळ मांडीवर घेऊन आधी बसते, मग तू पाय घाल." किती साधं बोललीस. आणि मी, ज्याने बायकांच्या कैवारात तीस पानं लिहिली होती, मी म्हणालो, "मी त्या बायकी सायकलवरून पूल ओलांडायचा? सगळा गाव बघतोय." तू हसलीस. म्हणालीस, "गावाला दुसरी कामं आहेत." मी माझी काढली. दांडीवरून टांग मारली आणि निघालो.

आपल्याकडे शेंबडी पोरंसुद्धा जाणतात की पुढच्याने आधी हळू मारायची. मग विचारायचं, बसलीस? मागून आवाज येतो, बसले. मग जोर लावायचा. तो एक शब्द येईपर्यंत पाय दाबायचा नाही. आई मुलाला विचारते, नवरा बायकोला विचारतो, दारू प्यायलेले मित्र एकमेकांना विचारतात. तू एका काखेत घड्याळ धरून धावलीस, एका हाताने कॅरिअर पकडलं, उडी मारलीस. पुढे पुलाचा चढ आणि समोरून वारा. मी पायडलवर उभा राहिलो. माझं तोंड चालूच होतं, "चहा विचारतो मला, चहा," असं काहीतरी. मग सायकल एकदम हलकी झाली. चढावर हलकी लागते म्हणजे काय, मला अर्धा क्षण बरं वाटलं, रूलीन, मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. वळून पाहिलं तर तू रस्त्यावर उजव्या मांडीवर पडलेली होतीस आणि दोन्ही हातांनी घड्याळ वर धरलेलं. हात टेकवले असतेस तर मांडीचं हाड वाचलं असतं. घड्याळाला ओरखडा नाही.

हॉस्पिटलात तुझे बाबा आले ते थेट पाण्याची पातळी मोजायच्या कामावरून, बूट चिखलात. व्हरांड्यात मला विचारलं, "ती नीट बसली होती का?" मी म्हटलं, "हो." "तिने तसं सांगितलं होतं?" माझ्यासमोर तो माणूस, चर्चचा पंच, ज्याच्यासमोर गावातली मोठी माणसं टोपी काढतात, आणि आत तू. मी म्हणालो, "हो, बसले म्हणाली." शब्द तोंडातून बाहेर पडायला काही वेळ लागला नाही. ते आत गेले. दार उघडं होतं. "रूलीन, तू बसले म्हणालीस?" तू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलंस, बराच वेळ, आणि गप्प राहिलीस. तुमच्या घरात गप्प बसणं म्हणजे कबुली. बाबा म्हणाले, "मग चूक तुझी आहे," आणि पांघरूण सारखं केलं.

मला वाटलं तुला आठवतच नसेल. खरंच वाटलं, किंवा वाटून घेतलं. डोक्याला मार लागलाय, भूल दिलीय, असं मनाशी घोकत राहिलो. मग पहिली पाकिटं परत आली, तेव्हा वाटलं बाबांनी लावलंय. मग पत्ता तू स्वतःहून लिहितेस हे पटलं तेव्हा वाटलं, कॉलेज सोडलेला पोरगा हिला नको झालाय. मी तुझ्यावर चिडलो, विचार कर, तुझ्यावर. काय काय बोललो मनात. तू त्या दिवशी मला वाचवलंस आणि मी दुसऱ्या दिवशी येऊन खरं सांगेन म्हणून थांबलीस, हे मला कधी कळावं? पाच महिन्यांनी, सायकलच्या दुकानात.

तुझ्या आईने एक चिठ्ठी आणली होती, तुझ्या पायांची मापं, फ्रेम आणि सीट ठरवायला. पाय आतून जमिनीपर्यंत. डावा एकोणऐंशी, उजवा सत्त्याहत्तर. मी चिठ्ठी पाहिली आणि लगेच म्हटलं, "मावशी, माप चुकलंय. दोन वेगळे आकडे कसे येतील? टेप तिरकी धरली असणार." काय तोरा होता माझा, मोजणाऱ्याचा. आई म्हणाली, "तीनदा घेतलं, बाळ. बरोबर आहे." आलीदाबाईंनी माझ्या हातातून चिठ्ठी काढून घेतली आणि म्हणाल्या, "उजव्या पायडलवर दोन सेंटिमीटरची लाकडी पट्टी लागेल. जा, मागून बीचचा तुकडा घेऊन ये." मी मागे गेलो आणि लाकडांमध्ये उभा राहिलो. तिथून मला तुझ्या आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती सांगत होती की बाबा सही का करत नाहीत. पाय हे कारण नाहीच. ते म्हणतात, बसण्याआधीच जी बसले म्हणते, जिच्या एका शब्दावर विसंबता येत नाही, तिच्या हवाली लोकांची मुलं कशी करायची. तुझी आई हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. तीही ते खरंच धरून चालली होती. आणि ती मला बाळ म्हणाली होती.

तरीही मी पुढे येऊन बोललो नाही. हे तुला कळायला हवं, कारण तू कदाचित ठरवशील की मला उशिरा कळलं आणि मी लगेच धावलो. मी पाच आठवडे धावलो नाही. मी तुझी सायकल करत बसलो. लाकडाची पट्टी चार वेळा घासली, कडा गोल केल्या, पायातला बूट घसरू नये म्हणून वर रबर चिकटवलं. मागच्या चाकाला जाळी मी हाताने विणली, एकशे चार गाठी. नळ्या जाड आहेत, वजन आहे, त्याला इलाज नाही, पण हँडल थरथरत नाही, उतारावर हात सोडून पाहिलं. मला वाटत होतं सायकल इतकी चांगली करावी की मग बोलायची गरजच राहणार नाही. आलीदाबाई सगळं बघत होत्या. शुक्रवारी सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "आता किती पॉलिश करशील, गाढवा. फॉर्म सायकलवर बसून जात नाही."

मी पान्हा ठेवला आणि गेलो. तुझे बाबा बंधाऱ्यावर होते, काठी घेऊन पाण्याची पातळी बघत, नदी सध्या फुगलेली आहे. मी धापा टाकत सगळं सांगितलं, स्टेशन, दांडी, चढ, आणि ती म्हणालीच नव्हती, मी विचारलंच नव्हतं, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यांनी आधी काठीवरचा आकडा वाचला, वहीत लिहिला, वही खिशात ठेवली. मला वाटलं आता नदीत ढकलतात, आणि खरं सांगतो, ढकललं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तोंडी तू मला एकदा सांगितलं आहेस. ते मी खरं मानलं आणि माझ्या मुलीला दोषी धरलं. आता तोंडी पुरणार नाही." म्हटलं, मग काय करू? "लिही. तिच्या नावाने लिही, पण पत्र माझ्या हातात दे. आधी मी वाचीन, मग ती वाचेल, मग मी तिला विचारीन." मी लगेच पेटलो, म्हटलं, मी तिला लिहिलेलं पत्र तुम्ही का वाचणार? त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रूलीन, तू मला त्या दिवशी दारात पाहिलंस ना, अगदी तसंच. मी म्हटलं, बरं.

तेव्हा हूकमनसाहेब, तुम्ही इथवर आला असाल. वर तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते नीट कागदावर उतरवताना गाळणार होतो. गाळलं नाही, एकदा गाळायला लागलो तर पुन्हा कुठे थांबेन याची मला खात्री नाही. तुम्हाला राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा, मी दुकानात असतो, गुरुवारी दहा ते बारा सोडून. आणि रूलीन, आता फक्त तुझ्याशी. हे पत्र मी तुझी माफी मिळावी म्हणून लिहिलेलं नाही, माफी मागायची तर समोर येऊन मागेन, तू बोलावशील तेव्हा, नाही बोलावलंस तर नाही. लिहिलं ते एवढ्यासाठी की आज किंवा उद्या जेवण झाल्यावर बाबा तुझ्यासमोर हा कागद ठेवतील आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतील. मी त्या खोलीत नसेन, तुला कुणाकडे बघून काही ठरवायचं नाही. फॉर्म पुढच्या मंगळवारपर्यंत, एक तारखेपर्यंत, जाऊ शकतो. तू गप्प राहिलीस तर ते पुन्हा कबुलीच धरतील, मी कितीही पानं लिहिली तरी. गप्प राहू नकोस. नाही म्हण, मोठ्याने.

तुझाच (हा शब्द खोडलेला दिसला तर तो मी खोडलेला नाही),
योरिस